छातीवरचा बिल्ला

पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, आगपेट्यांवरील चित्रें यांचा संग्रह करणारी मंडळी आपल्या परिचयाची आहेत. आज मी ज्या संग्रहाविषयीं बोलणार आहें, तो या तिन्हींहून कमी परिचित आहे. तो संग्रह आहे बिल्ल्यांचा. आणि त्यांतहि स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळींत व कामगारांच्या लढ्यांत साध्या माणसांनीं आपल्या छातीवर लावलेल्या बिल्ल्यांचा. रुपयाएवढ्या पत्र्याच्या चकतीसंबंधीं पंधरा मिनिटें बोलण्यासारखें काय आहे, असें कोणाच्या मनांत आलें तर तें स्वाभाविक आहे. पण ‘मूर्ति लहान आणि कीर्ति महान’ ही म्हण ज्या थोड्या वस्तूंना खरोखर शोभते, त्यांत या चकतीची गणना करावी लागेल.

बिल्ला ही वस्तु आपल्याला नवी नाहीं. पूर्वीं कचेरींतील शिपायाच्या पट्ट्यावर पितळेची एक चपटी पाटी असे. तिला चपरास म्हणत, आणि ती लावणारा तो चपराशी. रेल्वेच्या हमालाच्या दंडावर क्रमांकाचा पितळी बिल्ला असतो. शाळेंत वर्गनायकाच्या खिशावर बिल्ला लावतात. या सर्वांचा विशेष असा कीं, ते वरून दिलेले असतात. ‘हा मनुष्य अमक्याचा आहे,’ असें चपरास सांगते. ज्यानें ती दिली त्यालाच ती काढून घेण्याचा अधिकार असतो, आणि ती काढून घेतली म्हणजे मनुष्याची नोकरी गेली असें समजावयाचें.

दुसऱ्या जातीचा बिल्ला याहून अगदीं वेगळा. तो कोणी धनी देत नाहीं. मनुष्य तो स्वतः निवडतो, बहुधा पदरचे पैसे देऊन घेतो, आणि लोक हंसतील, मालक कामावरून काढील, पोलिस धरतील हें ठाऊक असूनहि लावतो. ‘मी अमक्याचा आहें’ असें तो म्हणत नाहीं. ‘मी अमक्या बाजूचा आहें’ असें म्हणतो. या दोन बिल्ल्यांमधील अंतर म्हणजेच माझ्या आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम या वस्तूची घडण पाहूं. जुन्या बिल्ल्यांचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिला मीनाकामाचा. तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्यावर पोलादी ठशानें आकृति उठवितात. आकृतीच्या रेषा उंच राहतात व त्यांमधील जागा खोलगट होते. त्या जागेंत रंगीत काचेची बारीक पूड भरून पत्रा भट्टींत घालतात. काच वितळून धातूला धरते. मग ती घांसून गुळगुळीत करावयाची, धातूवर मुलामा द्यावयाचा आणि मागील बाजूस डाख लावून टांचणी बसवावयाची. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहर या कामाविषयीं प्रसिद्ध आहे. असा बिल्ला शंभर वर्षें टिकतो, पण त्याला खर्चहि तसाच पडतो.

दुसरा प्रकार कागदी चकतीचा. छापलेल्या कागदाची गोल चकती, तिच्यावर पारदर्शक सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा, खालीं पत्र्याची टोपी, आणि हें सर्व आवळून धरणारें एक कडें, एवढाच त्याचा संसार. अमेरिकेंतील नेवार्क शहरच्या व्हाइटहेड आणि होग या कंपनीनें १८९६ सालीं याचें पेटंट घेतलें, आणि त्याच वर्षीं मॅकिन्ले व ब्रायन यांच्यामधील अध्यक्षपदाच्या निवडणुकींत अशा बिल्ल्यांचा पूर आला. हाताच्या दाबयंत्रावर थोड्या वेळांत हे शेंकड्यांनीं तयार होतात व अगदीं स्वस्त पडतात. ही स्वस्ताई महत्त्वाची आहे. सोन्याचांदीचें पदक राजा देतो किंवा सरकार देतें. चकतीचा बिल्ला मात्र गिरणींतील मुलगीहि आपल्या मजुरींतून घेऊं शकते. छापखान्यानें जसा विचार स्वस्त केला, तशी या चकतीनें विचाराची खूण स्वस्त केली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां इंग्लंडांतील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीकडे वळूं. कारण या संग्रहांतील सर्वांत मोलाचीं रत्नें तेथलीं आहेत. आपल्याकडे ज्याप्रमाणें मवाळ व जहाल असे दोन पक्ष होते, त्याचप्रमाणें तेथील स्त्रियांतहि होते. मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखालील संस्था अर्ज, सभा व कायदेशीर मार्ग यांवर विश्वास ठेवणारी. तिचे रंग तांबडा, पांढरा व हिरवा. एमेलीन पँकहर्स्ट यांनीं १९०३ सालीं मँचेस्टर येथें स्थापन केलेली संस्था जहालांची. तिचे रंग जांभळा, पांढरा व हिरवा. या दुसऱ्या संस्थेंतून १९०७ सालीं जो गट बाहेर पडला, त्या विमेन्स फ्रीडम लीगनें हिरवा, पांढरा व सोनेरी हे रंग धारण केले. हे शेवटचे रंग श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावे. त्यांचें काम आपल्याला पुढें पडणार आहे.

जहाल स्त्रियांचे तीन रंग एमेलीन पेथिक-लॉरेन्स यांनीं १९०८ सालीं ठरविले. जांभळा प्रतिष्ठेचा, पांढरा शुद्धतेचा, हिरवा आशेचा. त्या वर्षीं २१ जून रोजीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें जी प्रचंड सभा भरली, तींत हे रंग सर्वत्र झळकले. फीत, कमरपट्टा, टोपी, बिल्ला, जें ज्या स्त्रीला परवडेल तें तिनें घ्यावें, अशी योजना होती. श्रीमंत सरदारकन्या आणि कापडगिरणींतील मजूर स्त्री यांच्या पोषाखांत जमीन-अस्मानाचा फरक. पण बिल्ला दोघींचा एकच. ज्या समाजांत वस्त्रावरून मनुष्याची पायरी ओळखली जाते, तेथें ही गोष्ट लहान नव्हे.

या चळवळींतील सर्वांत प्रसिद्ध चिन्ह म्हणजे हॉलोवे बिल्ला. हॉलोवे हा लंडनमधील स्त्रियांचा तुरुंग होता. मताधिकारासाठीं तेथें शिक्षा भोगून आलेल्या स्त्रियांना हा बिल्ला एप्रिल १९०९ मध्यें लंडनच्या आल्बर्ट हॉलमधील सभेंत प्रथम देण्यांत आला. त्याची आकृति एमेलीनबाईंची कन्या सिल्व्हिया पँकहर्स्ट हिनें काढली. ती शिकलेली चित्रकार होती. तिनें दोन चिन्हें निवडलीं. पार्श्वभूमीला चांदीचा, सांखळ्या असलेला, जुन्या किल्ल्यांच्या वेशींत वरून खालीं सोडीत तसला जाळीचा दरवाजा. हा दरवाजा ब्रिटिश पार्लमेंटचें चिन्ह आहे. त्यावर मधोमध एक रुंद बाण, आणि त्यांत जांभळा, पांढरा व हिरवा हे रंग. हा रुंद बाण म्हणजे तेथील सरकारी मालमत्तेवरील खूण. कैद्यांच्या कपड्यांवर तोच बाण छापीत. अर्थ असा कीं, हें कापड सरकारचें आणि त्यांतलें माणूसहि सरकारचें.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबून विचार करावा. कैद्याच्या अंगरख्यावरील बाण ही चपरासच होती, आणि तीहि अपमानाची. सिल्व्हियानें ती पुसली नाहीं, लपविली नाहीं. तिला आपल्या रंगांत रंगवून छातीवर लावलें. ‘ज्या खुणेनें तुम्ही आम्हांला लाजवूं पाहिलें, तीच आतां आमची शोभा आहे,’ असें त्या दोन बोटें रुंदीच्या चांदीनें पार्लमेंटला सांगितलें. दुसऱ्यानें लादलेली खूण आपलीशी करून तिचा अर्थ उलटविणें, हें या चळवळींचें एक मोठें सामर्थ्य आहे, आणि त्याचा पुरावा संग्राहकाच्या पेटींत पडलेला असतो.

त्याच वर्षीं दुसरें एक चिन्ह निर्माण झालें. जुलै १९०९ मध्यें मॅरियन वॉलेस डनलॉप या स्त्रीनें हॉलोवेच्या तुरुंगांत, राजकीय कैद्याप्रमाणें वागणूक मिळावी म्हणून अन्नत्याग केला. एक्याण्णव तासांनंतर तिला सोडून देण्यांत आलें. पुढें इतर स्त्रियांनीं तोच मार्ग धरतांच सरकारनें सप्टेंबरपासून त्यांना नळीनें बळेंच अन्न घालण्यास आरंभ केला. या उपोषण करणाऱ्या स्त्रियांना संस्थेनें चांदीचें पदक दिलें. वर एक चांदीची पट्टी, तिच्यावर ‘शौर्याबद्दल’ अशा अर्थाचे शब्द. खालीं तिरंगी फीत. तिच्याखालीं लोंबणाऱ्या वाटोळ्या पदकावर ‘उपोषण’ हा शब्द, आणि मागें त्या स्त्रीचें नांव. जिला बळेंच अन्न घातलें गेलें, तिच्या फितीवर तीन रंगांच्या मीनाकामाची पट्टी. ‘शौर्याबद्दल’ हे शब्द ब्रिटिशांच्या व्हिक्टोरिया क्रॉसवर आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या स्त्रियांनीं सरकारच्या किती वर्मावर बोट ठेवलें तें कळतें. लॉर्ड किचनेर हे हिंदुस्थानचे सरसेनापति होते. त्यांची न्यूझीलंडमध्यें जन्मलेली भाची फ्रान्सिस पार्कर हिला शौर्यपदक मिळालें तें मामांच्या सैन्याकडून नव्हे, तर या बंडखोर संस्थेकडून. तें पदक आज वेलिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

हॉलोवेचा बिल्ला समुद्र ओलांडूनहि गेला. ॲलिस पॉल ही अमेरिकन तरुणी इंग्लंडांत असतांना या चळवळींत पडली व तेथील तुरुंगांत जाऊन आली. मायदेशीं परतल्यावर तिनें १९१७ सालीं वॉशिंग्टन येथें अध्यक्षांच्या निवासासमोर फलक घेऊन उभें राहण्याचा उपक्रम चालविला. शेंकडों स्त्रियांना अटक झाली. त्यांपैकीं तुरुंगांत गेलेल्या स्त्रियांना डिसेंबर १९१७ मध्यें चांदीचे लहान बिल्ले देण्यांत आले. आकृति तुरुंगाच्या गजांच्या दाराची, आणि त्या दाराला सांखळीनें अडकविलेलें हृदयाच्या आकाराचें कुलूप. पुढें तीन वर्षांच्या आंत, ऑगस्ट १९२० मध्यें, अमेरिकेच्या राज्यघटनेंत स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती झाली.

आतां मघां ध्यानांत ठेवण्यास सांगितलेले हिरवा, पांढरा व सोनेरी हे रंग घेऊं. महाराजा रणजितसिंहाची नात राजकन्या सोफिया दुलीपसिंह ही इंग्लंडांत वाढली व स्त्रियांच्या चळवळींत सामील झाली. ‘मत नाहीं तर कर नाहीं’ या तत्त्वावर तिनें कर भरण्याचें नाकारलें, आणि तिचे दागिने जप्त होऊन लिलांवांत गेले. ही सोफिया १९११ सालीं काश्मीरमध्यें आली असतां, मुंबईच्या हीराबाई टाटा व त्यांची अल्पवयीन कन्या मिठन या मायलेकी तेथें विश्रांतीसाठीं गेलेल्या होत्या. सोफियाच्या अंगावर हिरव्या, पांढऱ्या व पिवळ्या रंगांचा एक लहानसा बिल्ला होता, आणि त्यावर ‘स्त्रियांना मत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. हीराबाईंचें लक्ष त्या बिल्ल्यानें वेधलें. त्यांनीं चौकशी केली, बोलणें वाढलें, आणि स्त्रियांच्या मताधिकाराचा विषय त्यांच्या मनांत जो शिरला तो कायमचा. ही हकीकत मिठन यांनींच पुढें आपल्या आठवणींत नमूद केली आहे.

१९१९ सालीं हिंदुस्थानच्या राज्यकारभाराच्या सुधारणांचा विचार पार्लमेंटपुढें होता. तेव्हां हीराबाई व मिठन लंडनला गेल्या व हिंदी स्त्रियांना मत मिळालें पाहिजे, अशी बाजू त्यांनीं तेथें मांडली. हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांकडे सोपविण्यांत आला, आणि १९२१ सालीं मुंबईच्या कायदेमंडळानें स्त्रियांच्या मताधिकाराला मान्यता दिली. मिळकतीची अट होती, म्हणून फार थोड्या स्त्रियांना त्याचा लाभ झाला हें खरें. पण दार उघडलें. मिठन या पुढें मिठन लाम या नांवानें प्रसिद्ध झाल्या. मुंबईच्या उच्च न्यायालयांत वकिली करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री-बॅरिस्टर, आणि १९४७ सालीं त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. एका बिल्ल्यानें मुंबईच्या स्त्रियांना मत मिळवून दिलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण काश्मीरांतल्या त्या भेटींत पहिला शब्द कोणी उच्चारला असेल तर तो त्या बिल्ल्यानें, यांत शंका नाहीं. अनोळखी माणसाला प्रश्न विचारण्याची संधि देणें, हेंच तर बिल्ल्याचें खरें काम.

स्त्रियांच्या चळवळीकडून कामगारांच्या चळवळीकडे जाण्यास वेगळा पूल बांधावा लागत नाहीं. हॉलोवे बिल्ल्याची चित्रकार सिल्व्हिया पँकहर्स्ट हीच लंडनच्या पूर्व भागांतील मजूर स्त्रियांमध्यें जाऊन राहिली व १९१४ पासून त्यांच्यासाठीं पत्र चालवूं लागली. मेरी मॅकार्थर हिनें १९०६ सालीं केवळ कामकरी स्त्रियांचा संघ स्थापन केला. क्रॅडली हीथ या गांवीं घराच्या मागील बाजूस भट्टी पेटवून हातानें लोखंडी सांखळ्या घडविणाऱ्या स्त्रियांचा १९१० सालचा संप याच संघानें चालविला. सुमारें दहा आठवड्यांनंतर त्यांना तासाला अडीच पेन्स हा ठरलेला दर मिळाला. पुष्कळ जणींची मजुरी त्यामुळें जवळजवळ दुप्पट झाली.

पहिल्या महायुद्धांत याच थरांतील हजारों स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या. सरकारनें १९१६ सालीं त्यांच्यासाठीं पितळेचा त्रिकोणी बिल्ला काढला. ‘युद्धकार्यावर’ अशा अर्थाचे शब्द त्यावर होते. हा बिल्ला पुष्कळ संग्रहांत आढळतो. तो चपराशीच्या जातीचा कीं दुसऱ्या जातीचा? दिला सरकारनें, म्हणून पहिल्या जातीचा. पण स्फोटक द्रव्यांनीं जिची कातडी पिवळी पडली, त्या स्त्रीनें तो अभिमानानें मिरविला असेल तर तिला कोण नांवें ठेवील? संग्राहकानें असा बिल्ला कामगार-संघाच्या बिल्ल्याशेजारीं ठेवावा. एकाच स्त्रीनें दोन्ही लावले असण्याचा पुष्कळ संभव आहे. कारखान्याच्या दारांत एक, आणि संघाच्या सभेंत दुसरा.

कामगार-संघाचा बिल्ला नुसत्या शोभेचा नसे, हिशेबाचाहि असे. अमेरिकेंत अनेक संघ महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला त्या महिन्याचा बिल्ला देत. दर महिन्याला रंग निराळा. कामगार तो टोपीवर किंवा सदऱ्यावर लावी, आणि कोणाची वर्गणी भरली, कोणाची राहिली, हें पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपांत कळे. वर्षाचे बारा बिल्ले ओळीनें लावलेले आढळले म्हणजे कोणा अज्ञात कामगाराच्या निष्ठेची ती रोजनिशीच समजावी. आणि मधला एखादा महिना नसेल तर त्याच्या घरांत त्या महिन्यांत काय चाललें असेल, याचा विचार करावा.

मालकांना हे बिल्ले खुपत, हें सांगावयास नको. रिपब्लिक एव्हिएशन या विमानें बांधणाऱ्या अमेरिकन कंपनीनें संघाचे बिल्ले लावणाऱ्या कांहीं कामगारांना कामावरून काढलें. तें प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १९४५ सालीं निकाल कामगारांच्या बाजूनें लागला. खास कारण असल्याखेरीज कारखान्यांत संघाचा बिल्ला लावण्यास मालकाला मनाई करतां येत नाहीं, हा नियम त्यांतून रूढ झाला. पत्र्याच्या चकतीसाठीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचें कारण मालक व मजूर दोघेहि जाणून होते. चपरास लावणाऱ्याला पगार मिळतो. ही चकती लावणाऱ्याचा पगार जातो.

जिंकलेल्या लढ्यांचेच बिल्ले जपले जातात असें मात्र नाहीं. लंडनच्या विल्सडेन भागांत ग्रनविक या छायाचित्रें धुण्याच्या कारखान्यांत १९७६ पासून १९७८ पर्यंत संप चालला. त्याच्या पुढारी जयाबेन देसाई या मूळच्या गुजरातच्या. त्यांच्याबरोबरच्या बहुतेक स्त्रिया पूर्व आफ्रिकेंतून आलेल्या हिंदी वंशाच्या. साड्या नेसून थंडीवाऱ्यांत फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या या स्त्रियांच्या पाठिंब्यासाठीं खाणकामगार, टपालकामगार धांवून आले. संप अखेर फसला. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींतील १९८४-८५ चा वर्षभराचा संपहि हरला. त्या संपांत खाणकामगारांच्या बायकांनीं गांवोगांव सामुदायिक स्वयंपाकघरें चालविलीं, आपले स्वतंत्र संघ काढले, आणि बिल्ले विकून पैसे उभारले. खाणी आतां बंद झाल्या. गांवांचें रूप पालटलें. बिल्ले मात्र आहेत. हरलेल्यांचा इतिहास सरकारी दप्तरांत थोडा व संग्राहकाच्या पेटींत अधिक सांपडतो.

ज्यांना असा संग्रह करावयाचा आहे, त्यांच्यासाठीं आतां चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली गोष्ट, नकलेपासून सावध राहावें. हॉलोवे बिल्ला व उपोषणाचें पदक यांना मोठी किंमत येते, म्हणून त्यांच्या प्रतिकृति पुष्कळ झाल्या आहेत. हिरवा, पांढरा व जांभळा खडा असलेला प्रत्येक जुना दागिना हा मताधिकारवादी स्त्रीचा, असें कांहीं व्यापारी सांगतात. या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘स्त्रियांना मत द्या’ असा गुप्त संदेश निघतो, अशी पुस्तीहि जोडतात. ती कथा मागाहून रचलेली आहे. ते खडे त्या काळीं एरव्हींहि लोकप्रिय होते. शिवाय ज्या स्त्रिया भर चौकांत घोषणा देत, त्यांना गुप्त संदेशाची काय गरज?

दुसरी गोष्ट, बिल्ल्याची पाठ पाहावी. चकतीच्या जुन्या बिल्ल्याच्या आंतील बाजूस कारखानदाराचें नांव व पेटंटाची तारीख छापलेला कागद असतो. त्यावरून त्याचा काळ ठरवितां येतो. अमेरिकन बिल्ल्यांच्या कडेला पुष्कळदां एक अगदीं सूक्ष्म शिक्का असतो. तो छापखान्यांतील कामगारांच्या संघाचा. कामगारांचा बिल्ला संघटित कामगारांनींच छापलेला आहे, याची ती साक्ष.

तिसरी गोष्ट, पावसाळ्याची. आपल्या हवेंत सेल्युलॉइडखालीं ओल शिरून कागदावर तांबूस डाग पडतात व पत्रा गंजतो. म्हणून बिल्ले प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नयेत. सुती कापडांत, कोरड्या पेटींत, ओल शोषणारी पुडी घालून ठेवावे. सेल्युलॉइड चटकन पेट घेतें, यास्तव ते देवघरांतील समईपासून व चुलीपासून दूर असावे. आणि पितळ दिसलें कीं चिंच व राख घेऊन बसण्याचा मोह आवरावा. चकाकी येते, पण मुलामा जातो आणि बिल्ल्याचें वयहि जातें.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बिल्ल्याबरोबर त्याची हकीकत लिहून ठेवावी. नाण्यावर राजाचें नांव असतें, तिकिटावर देशाचें. बिल्ल्यावर तो लावणाऱ्याचें नांव नसतें. उपोषणाच्या पदकावर नांव कोरलेलें आहे, म्हणून आज आपण फ्रान्सिस पार्करविषयीं बोलूं शकतों. सोफियाच्या बिल्ल्याची गोष्ट मिठन लाम यांनीं लिहिली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. तो बिल्ला एकटाच कोणा दुकानांत सांपडता, तर त्याचा आणि मुंबईच्या स्त्रियांच्या मताचा संबंध कोणाला उमगला असता? नांवगांव नसलेला बिल्ला हा पुन्हां पत्राच होतो.

आपल्याकडे तर हें काम अधिकच निकडीचें आहे, कारण आपल्या लढ्यांच्या खुणा नाशिवंत आहेत. काँग्रेसच्या अधिवेशनांतील प्रतिनिधींचे व स्वयंसेवकांचे बिल्ले कांहीं घरांत सांपडतील. पण कारकून, शिक्षक, परिचारिका, कामगार हे निषेध करतात तो बहुधा काळी फीत लावून. सकाळीं टांचणीनें लावलेली फीत संध्याकाळीं केरांत जाते. १९७२ नंतरच्या महागाईच्या दिवसांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या स्त्रिया लाटणें हातांत घेऊन रस्त्यावर आल्या. तो लाटणें-मोर्चा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांनीं बिल्ला शोधला नाहीं. स्वयंपाकघरांतील लाटणें हाच बिल्ला केला. चुलीपाशीं बांधून ठेवणारी खूण रस्त्यावर आणून तिचा अर्थ त्यांनीं बदलला. सिल्व्हियानें कैद्याच्या बाणाचें केलें तेंच हें, आणि तेंहि परक्या देशाचा कित्ता न गिरवितां. त्या मोर्चांतील किती लाटणीं आज ओळखूं येतील? मोर्चा संपल्यावर तीं पुन्हां पोळपाटावर गेलीं.

पुण्यांत १९९३ सालीं कागद, काच, पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. तींत बहुसंख्य स्त्रिया. कचराकुंडींत हात घालणाऱ्या या स्त्रियांवर चोरीचा आळ सहज येई; पोलिस हटकीत, सोसायटीचा रखवालदार हुसकून लावी. पंचायतीनें प्रत्येकीला छायाचित्र असलेलें ओळखपत्र दिलें, आणि पुणें महानगरपालिकेनें त्याला मान्यता दिली. गळ्यांत अडकविलेल्या त्या पत्रानें ‘तूं कोण?’ या प्रश्नाला उत्तर मिळालें. हें पत्र कोणा धन्यानें दिलेलें नाहीं. त्या स्त्रियांनीं वर्गणी भरून उभारलेल्या संघटनेनें तें दिलें, आणि सरकारदरबाराला मागाहून तें मानावें लागलें. आरंभीं मी ज्या दोन जाती सांगितल्या, त्यांतील दुसऱ्या जातीचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं. उद्यांच्या संग्राहकानें हॉलोवेच्या बिल्ल्याशेजारीं एखादें झिजलेलें, जुन्या नमुन्याचें असें ओळखपत्र ठेवलें, तर तें तेथें मुळींच विजोड दिसणार नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, माझी विनंति एवढीच. आपल्या घरांत आजीच्या, आत्याच्या, गिरणींत राबलेल्या काकांच्या पेटींत असा एखादा बिल्ला, फीत, ओळखपत्र असेल तर तें भंगारांत घालूं नये. तें लावणारें माणूस हयात असेल तर त्याच्याजवळ बसून विचारावें, आणि एका कागदावर चार ओळी लिहून त्या वस्तूबरोबर ठेवाव्या: हें कोणाचें, कोठें लावलें, केव्हां लावलें, आणि लावल्यामुळें काय सोसावें लागलें. चौथ्या प्रश्नाचें उत्तर द्यावयास माणसें संकोचतात. तें थोडा धीर धरून विचारावें. कारण बिल्ल्याची खरी किंमत त्या उत्तरांत असते.